‘एकमेव’ आणि ‘सर्वांत लांब’: इंग्रजी शब्दांच्या त्या यादीला उत्तर

‘इंग्रजी भाषेतली थक्क करणारी सत्ये’ अशा मथळ्याचा एक मेसेज बरीच वर्षे ग्रुपांमधून फिरतो आहे. लांबलचक इंग्रजी शब्द, त्यात अमुक अक्षर आहे किंवा तमुक नाही असा काहीतरी विक्रम, आणि समोर मराठीत अर्थ. तळाला ‘हे बहुतेक शिक्षकांनाही माहीत नसते’ अशी ओळ. एरवी तो आला की मी पुढे सरकतो. या वेळी ते शक्य झाले नाही. माझ्या भाचीने ही यादी प्रश्नमंजूषेच्या तयारीसाठी वहीत उतरवली, अर्थांसकट पाठ केली, आणि त्यातल्याच एका अर्थावर विसंबून माझी ताई, म्हणजे तिची आई, मुलीच्या बोटांचे ठसे देऊन ‘बुद्धिमत्ता चाचणी’ करून घ्यायला निघाली.

आधी कसोटीचे बोलू. ‘सर्वांत लांब’ किंवा ‘एकमेव’ म्हणणे म्हणजे सगळा शब्दसाठा चाळून झाला आहे असा दावा करणे. कोणता शब्दसाठा, हे सांगितल्याशिवाय त्या दाव्याला काही अर्थ नाही. इंग्रजीत पुढे-मागे प्रत्यय लावून शब्द वाढवत नेता येतो; वैद्यकात आणि रसायनशास्त्रात तर नावे तुकडे जोडूनच तयार होतात. म्हणून मी जवळजवळ सगळीकडे एकच माप लावले आहे: ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश. १९८९ च्या छापील आवृत्तीत त्याचे वीस खंड होते, आता तो ऑनलाइन आहे. शब्दाचा अर्थ, त्याची घडण आणि तो छापील मजकुरात कधी, कसा आला याची उदाहरणे तिथे एका जागी मिळतात. ज्या मेसेजमध्ये एकाही कोशाचे नाव नाही, त्याला उत्तर द्यायला एवढे पुरेसे आहे.

सर्वांत घातक ओळ आधी घेतो. ‘डर्मॅटोग्लिफिक्स: एकही अक्षर दोनदा न येणारा इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द. अर्थ: बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर ओळखण्याचे शास्त्र.’

अक्षरांचा भाग अर्धा खरा आहे, तो मान्य करतो. शब्दात १५ अक्षरे आहेत आणि खरोखरच एकही पुन्हा येत नाही. पण याच मेसेजमध्ये चार ओळी खाली ‘अनकॉपीराइटेबल’ या शब्दालाही हाच मान दिला आहे. त्याचीही अक्षरे १५, पुनरावृत्ती नाही. दोन्ही शब्द एकाच वेळी ‘सर्वांत लांब’ कसे, हा प्रश्न पुढे पाठवणाऱ्या कुणालाच पडलेला दिसत नाही. ‘बरोबरीने पहिले’ असे लिहिले असते तर निदान तो भाग निभावला असता.

अर्थ मात्र सरळसरळ खोटा आहे. हा शब्द हॅरॉल्ड कमिन्स या शरीररचनाशास्त्रज्ञाने चार्ल्स मिडलो यांच्यासोबत १९२६ साली रूढ केला. ग्रीकमध्ये ‘डर्मा’ म्हणजे त्वचा आणि ‘ग्लिफे’ म्हणजे कोरीवकाम. बोटे, तळहात आणि तळपाय यांच्या त्वचेवर ज्या बारीक उंच रेषा असतात, त्यांच्या नक्षीचा अभ्यास एवढाच त्याचा अर्थ. कोशातही तेवढाच आहे. बुद्धी नाही, करिअर नाही, ‘डावा मेंदू-उजवा मेंदू’ नाही.

यात एक खरा धागा आहे आणि चाचणी विकणारे तोच ओढून ताणतात. या रेषा बाळ पोटात असतानाच तयार होतात आणि पुढे आयुष्यभर तशाच राहतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहातांवरची नक्षी पुष्कळदा वेगळी असते, हे खुद्द कमिन्सनेच १९३० च्या दशकात दाखवून दिले होते. त्या मुलांत एक गुणसूत्र जास्त असते हे १९५९ साली कळले. त्याआधी हातावरच्या रेषा हा डॉक्टरांसाठी एक उपयोगी इशारा होता. पण गुणसूत्रांच्या मोठ्या फरकाची खूण त्वचेवर उमटू शकते, यावरून ‘ही मुलगी गणितात जाईल की चित्रकलेत’ हे त्वचा सांगते असे होत नाही. मेंदू आणि बोटांच्या रेषा एकाच काळात घडतात म्हणून त्यांचा संबंध आहे, असा युक्तिवाद माहितीपत्रकांत हमखास असतो. त्याच काळात मूत्रपिंडे घडतात, कान घडतात, डोळे घडतात. त्यांच्यावरून कुणी करिअर सांगत नाही.

आणि हा शोध नवा नाही, की अजून कुणी तपासला नसेल. बोटांच्या ठशांचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास फ्रान्सिस गाल्टनने केला. त्याचे पुस्तक १८९२ चे. माणसांची बुद्धी आणि गुण रक्तातूनच येतात असे ठामपणे मानणारा हा माणूस, युजेनिक्स, म्हणजे निवडक माणसांची संतती वाढवून वंश ‘सुधारण्याच्या’ विचाराचा जनक. ठशांत बुद्धीची किंवा वंशाची खूण सापडावी, अशी त्याच्याइतकी ओढ क्वचितच कुणाला असेल. त्याने कलेचे विद्यार्थी, विज्ञानाचे विद्यार्थी, शेतमजूर आणि मतिमंदांच्या आश्रमातली माणसे यांचे ठसे घेऊन शेजारी शेजारी ठेवले. त्याला लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही, आणि त्याने तसे स्पष्ट लिहून ठेवले. ज्याला हे सिद्ध झालेले हवे होते, त्यानेच ते होत नाही असे नोंदवले आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांनी तीच गोष्ट रंगीत अहवालात घालून पालकांना विकली जाते, आणि हा मेसेज शब्दाच्या अर्थाच्या नावाखाली तिची जाहिरात करतो.

या चाचण्यांच्या नावात ‘मल्टिपल इंटेलिजन्स’ हे शब्दही असतात. बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते, ही कल्पना हॉवर्ड गार्डनर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली मांडली. तिच्यावर मानसशास्त्रज्ञांचे बरेच आक्षेप आहेत, पण ती पटो न पटो, तिच्यात बोटांच्या ठशांना जागा नाही. दोन वेगळ्या गोष्टी एका नावात कोंबल्या की तिसरी खरी होत नाही. ताई, दहा-बारा वर्षांच्या मुलीला ‘तुझ्यात तर्कबुद्धी कमी आहे’ असे छापील कागदावर दाखवायचे, आणि तेही बोटाच्या कातडीवरून, हे तिच्यावर अन्याय करणारे आहे. तिला कशात गोडी आहे हे तिच्याबरोबर बसून कळेल.

दुसरी ओळ मला तितकीच खुपते, कारण तिच्या आड एक खरा आजार झाकला जातो. ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस: ४५ अक्षरे. ज्वालामुखीच्या सूक्ष्म धुळीमुळे फुफ्फुसांना होणारा जीवघेणा आजार. वैद्यकशास्त्रातले सर्वांत लांब नाव.’

अक्षरे ४५ आहेत, बरोबर. पण वैद्यकशास्त्राने हे नाव दिलेले नाही. फेब्रुवारी १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नॅशनल पझलर्स लीग या कोडी रचणाऱ्या-सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी हा शब्द घडवून पुढे केला आणि २३ फेब्रुवारीच्या ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ने त्याची बातमी छापली. तोपर्यंतच्या लांब शब्दांपेक्षा लांब शब्द तयार करणे, हाच हेतू होता. पुढे तो कोशांत गेला, आणि ‘कोशात आहे म्हणजे खरा’ असे म्हणणारे तिथेच थांबतात. नोंद वाचली तर ऑक्सफर्डचा कोश सरळ सांगतो की हा कृत्रिम शब्द आहे, फुफ्फुसाचा आजार असा त्याचा अर्थ असल्याचे सांगितले जाते, आणि प्रत्यक्षात तो मुख्यतः लांब शब्दाचे उदाहरण म्हणूनच आढळतो. खऱ्या आजाराच्या नावाबद्दल ‘अर्थ असल्याचे सांगितले जाते’ अशी भाषा कोश सहसा वापरत नाही.

शब्द उलगडून पाहिला तरी तो आजाराला नीट लागू पडत नाही. ‘न्यूमोनो’ म्हणजे फुफ्फुसाचे, ‘सिलिको’ म्हणजे सिलिकाचे (वाळूत आणि दगडात असणारे खनिज), ग्रीक ‘कोनिस’ म्हणजे धूळ आणि ‘ओसिस’ म्हणजे विकार, इथपर्यंत ठीक. पण ‘अल्ट्रामायक्रोस्कोपिक’ म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाही इतके लहान. फुफ्फुसात खोलवर पोचणारे सिलिकाचे कण साधारण १० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात, आणि चांगल्या साध्या सूक्ष्मदर्शकाला एका मायक्रॉनहून बारीक गोष्टही दिसते. म्हणजे तो तुकडा केवळ अक्षरे वाढवायला घातलेला आहे. ‘व्होल्कॅनो’चेही तेच. ज्वालामुखीच्या राखेत स्फटिकरूप सिलिका असू शकते, हे नाकारत नाही. पण हा आजार ज्यांना होतो ती माणसे ज्वालामुखीच्या तोंडाशी राहणारी नसतात. ती खाणीत, दगडाच्या खदानीत, बोगद्यात काम करतात, वाळूच्या झोताने धातू घासतात, दगडाच्या लाद्या कापतात.

त्या आजाराचे खरे नाव सिलिकोसिस. इंग्रजीत नऊ अक्षरांचे. हे नाव एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे आणि डॉक्टर तेच वापरतात. कणांनी जखमी झालेले फुफ्फुस हळूहळू निबर होत जाते. हा आजार बरा करणारे औषध नाही. क्षयाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. टाळण्याचे उपाय माहीत आहेत: पाणी मारून धूळ बसवणे, हवा खेळती ठेवणे, योग्य मास्क. ते न केल्याने काय होते याचे उदाहरण या शब्दाच्या जन्माच्या आगेमागेच घडले. १९३० आणि १९३१ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट इथे डोंगरातून पाण्यासाठी बोगदा खणला गेला. खडकात सिलिका भरपूर, ड्रिलिंग कोरडे, मजुरांना मास्क नाहीत. शेकडो मजूर सिलिकोसिसने मेले. त्यांतले बरेचसे कामाच्या शोधात आलेले कृष्णवर्णीय होते. जानेवारी १९३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याची चौकशी सुरू झाली, म्हणजे तो ४५ अक्षरी शब्द वर्तमानपत्रात झळकल्यावर वर्षभराच्या आत.

भाचीला तो शब्द न अडखळता म्हणता येतो. सिलिकोसिस हे नाव तिने ऐकलेलेच नव्हते. या मेसेजबद्दलची माझी सगळी चीड या एका गोष्टीत आहे. ज्या नावाने हजारो कामगारांच्या तपासणीच्या कागदांवर निदान लिहिले जाते ते नाव बाजूला राहते, आणि कोड्याच्या अधिवेशनात केलेली जुळवाजुळव ‘वैद्यकीय ज्ञान’ म्हणून मुलांच्या वहीत जाते.

अशाच पद्धतीची तिसरी ओळ: ‘हिप्पोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपिडॅलिओफोबिया: लांब शब्दांची भीती वाटण्याचा मानसिक आजार, ३६ अक्षरे.’ यात खरा गाभा फक्त ‘सेस्क्विपिडॅलियन’ हा आहे. रोमन कवी होरेसने फुगवलेल्या शब्दांना ‘दीड पाऊल लांबीचे शब्द’ म्हटले होते, तिथून तो आला. पुढचे ‘हिप्पोपोटो’ पाणघोड्यावरून आणि ‘मॉन्स्ट्रो’ राक्षसावरून केवळ नाव लांबवायला जोडलेले. मूळ लॅटिन शब्दात एकच असलेला ‘पी’ही यात दुप्पट केलेला आहे. मानसोपचारातल्या निदानाच्या यादीत असा स्वतंत्र आजार नाही. एखाद्या विशिष्ट गोष्टीची टोकाची भीती ‘स्पेसिफिक फोबिया’ या एकाच निदानात मोडते. ज्या मुलाला वाचताना खरोखर धाप लागते, लांब शब्द पाहून जे घाबरते, त्याच्या तोंडावर ३६ अक्षरे फेकून ‘तुला हा आजार आहे’ म्हणणे ही चेष्टा आहे. वर्गात ती होते, आणि तिला या मेसेजमुळे शास्त्राचा मुलामा मिळतो.

‘टायटिन या प्रथिनाचे पूर्ण नाव १,८९,८१९ अक्षरांचे असून ते इंग्रजीतले सर्वांत लांब नाव आहे, उच्चारायला साडेतीन तास लागतात.’ हे नाव म्हणजे प्रथिनातली अमिनो आम्ले ओळीने लिहून काढलेली यादी आहे. टायटिन हे माणसाच्या शरीरातले सर्वांत मोठे प्रथिन. त्यात सुमारे ३४,००० अमिनो आम्ले आहेत, म्हणून यादी लांब. कोणत्याही कोशात ती नाही. जीवशास्त्रज्ञ त्या प्रथिनाला टायटिन म्हणतात, आणि ते नाव इंग्रजीत पाच अक्षरांचे आहे. यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

आता अक्षरांच्या विक्रमांकडे. ‘ऱ्हिदम हा स्वर नसलेला सर्वांत लांब शब्द.’ त्याच शब्दाचे अनेकवचन, ऱ्हिदम्स, एका अक्षराने मोठे आहे. ‘सर्वांत लांब’ तिथेच कोसळते. ऑक्सफर्डच्या कोशात जुळ्या भावंडासाठी ‘ट्विंडिलिंग’ असा जुना शब्द आहे, त्याचे एक जुने स्पेलिंग अकरा अक्षरांचे आणि त्यात ए, ई, आय, ओ, यू यांपैकी काहीच नाही. पण खरी चूक याहून खोल आहे. स्वर हा आवाज असतो, अक्षर नव्हे. मराठी वाचणाऱ्याला तर हे सांगायलाच नको. ऱ्हिदम देवनागरीत लिहिताना आपण वेलांटी देतोच. ती ‘इ’ इंग्रजीत वाय या अक्षराने लिहिली आहे, एवढेच. ‘सिझिजी’ हा खगोलशास्त्रातला शब्द घ्या: सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येणे. त्यात तीन वाय आहेत आणि तिन्ही स्वराचे काम करतात. ‘क्रूथ’ या वेल्श तंतुवाद्याच्या नावात तर डब्ल्यू स्वराचे काम करतो. तोंडात स्वर येतच नाही असे शब्द शोधायचे तर ‘श्श’ आणि ‘प्स्ट’ यांच्यापाशी जावे लागेल, आणि ते लांब नाहीत.

कीबोर्डवरचे तीन दावे एकत्र घेतो. ‘टाइपरायटर हा फक्त वरच्या ओळीत टाइप होणारा सर्वांत लांब शब्द.’ दहा अक्षरे. पण ‘प्रोप्रायटर’, ‘पर्पेच्युइटी’ आणि ‘रेपर्टवार’ हे तिन्ही रोजच्या वापरातले शब्द दहाच अक्षरांचे आहेत आणि वरच्याच ओळीत बसतात. ‘रप्चरवर्ट’ अकरा अक्षरांचा. अंतर्गळावर, म्हणजे हर्नियावर, पूर्वी वापरल्या जाणाऱ्या एका वनस्पतीचे हे नाव. ‘विक्रेत्यांना टाइपरायटर हा शब्द झटपट टाइप करून दाखवता यावा म्हणून अक्षरे वरच्या ओळीत ठेवली’ ही गोष्टही मेसेजमध्ये आहे. ही मांडणी करणाऱ्या शोल्सचे टाइपरायटर-यंत्र १८७४ मध्ये बाजारात आले, एवढे नक्की; त्या गोष्टीला मात्र भक्कम पुरावा नाही.

‘स्ट्युअर्डेसेस हा फक्त डाव्या हाताने टाइप होणारा सर्वांत लांब शब्द’ ही बारा अक्षरांची बढाई ‘रिव्हर्बरेटेड’ आणि ‘डीसेग्रिगेटेड’ या बारा अक्षरी शब्दांनीच संपते. ‘आफ्टरकॅटरॅक्ट्स’ चौदा अक्षरांचा आहे, सगळा डाव्या हाताचा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर भिंगामागच्या पडद्यावर पुन्हा येणारी धूसरता असा त्याचा अर्थ, आणि तो जाणून घेण्यासारखा आहे. उजव्या हातासाठी ‘लॉलिपॉप’ सांगितला आहे, आठ अक्षरे. ‘मोनॉपली’ही आठच. ‘पॉलिफोनी’ नऊ. आणि ‘हायपोलिम्नियन’ अकरा: उन्हाळ्यात खोल तळ्याच्या तळाशी राहणारा थंड पाण्याचा थर, जो वरच्या कोमट पाण्यात मिसळत नाही आणि म्हणून ज्यात प्राणवायू हळूहळू संपत जातो. किती अर्थपूर्ण शब्द बाजूला पडतात, आणि मुले लॉलिपॉप पाठ करत बसतात!

शेवटांचे विक्रम तपासायला एक मिनिटही लागत नाही. ‘एम-टी ने संपणारा एकमेव शब्द ड्रेम्ट.’ मग ‘अनड्रेम्ट’ काय आहे? ‘डी-ओ-यू-एस ने संपणारे फक्त चार शब्द: ट्रेमेंडस, हॉरेंडस, स्ट्युपेंडस, हॅझर्डस.’ ऑक्सफर्डच्या कोशात जुना ‘जेपर्डस’ आहे, धोक्याचा या अर्थी. प्राणिशास्त्रातला ‘ॲपोडस’ आहे, पाय नसलेला. रसायनशास्त्रातला ‘व्हॅनेडस’ आहे, व्हॅनेडियम या धातूच्या कमी संयुजेच्या संयुगांसाठी. संगणकांत वापरली जाणारी एक मोफत शब्दयादी वेबस्टरच्या १९३४ च्या कोशावरून केलेली आहे. तिच्यात शेवटची चार अक्षरे देऊन शोध घेतला की असे शब्द भराभर समोर येतात. ज्याने ‘फक्त चार’ लिहिले त्याने हा शोध कधीच घेतलेला नाही.

‘ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर क्रमाने येणारे फक्त दोन शब्द: ॲबस्टीमियस आणि फसीशस.’ आर्सेनिकपासून झालेला ‘आर्सीनियस’ आहे, आणि निळसर करड्या रंगाचा ‘सीझियस’. उलट्या क्रमाने हवे असतील तर ‘सबकॉन्टिनेंटल’ घ्या: यू, ओ, आय, ई, ए. ‘ऑलमोस्ट हा वर्णक्रमाने अक्षरे येणारा सर्वांत लांब शब्द’ म्हणे; त्याची सहा अक्षरे, ‘बिलोई’ या लाटांसारखे फुगलेल्या अर्थाच्या शब्दाची सात, आणि ‘ईजिलॉप्स’ या गव्हाच्या भाऊबंदांतल्या गवताच्या वंशनामाची आठ. ‘सिल्व्हर आणि पर्पल यांना यमक जुळत नाही’ हेही खोटे: ‘चिल्व्हर’ म्हणजे मेंढीचे मादी कोकरू आणि ‘हर्पल’ म्हणजे लंगडत चालणे, दोन्ही कोशात आहेत. ‘मंथ’ला मात्र सरळ यमक देता येत नाही. तेवढे सोडतो.

आणखी एक ओळ सोडावी लागते. ‘बुककीपर’ या शब्दात तीन जोड्या एकामागोमाग येतात, दोन ओ, दोन के, दोन ई. त्याचे स्वतःचे कुटुंब, म्हणजे बुककीपिंग वगैरे, वगळले तर मधे आडवी रेघ न घेणारा असा दुसरा वापरातला शब्द मलाही सापडलेला नाही.

राहिले आकड्यांचे स्पेलिंग. इथे मेसेज बराचसा बरोबर आहे, आणि तसे सांगायलाच हवे. ‘फॉर्टी’ हा एकच आकडा असा की ज्याची अक्षरे वर्णक्रमाने येतात. ‘वन’ हा एकच असा की ज्याची नेमकी उलट्या क्रमाने येतात. ‘फोर’ हा एकच असा की ज्याची अक्षरे मोजली तर तोच आकडा येतो. एक ते नव्याण्णव लिहिताना ए, बी, सी, डी यांपैकी एकही लागत नाही, हेही खरे. डी पहिल्यांदा हंड्रेडमध्ये येते. ‘ए थाउजंडपर्यंत येत नाही’ हे अमेरिकी पद्धतीने लिहिले तरच. ब्रिटिश पद्धतीत, आणि आपल्या शाळांतही, एकशे एकला ‘वन हंड्रेड अँड वन’ लिहितात, आणि त्या ‘अँड’मध्ये ए आहेच. बी बिलियनमध्ये पहिल्यांदा येते, बरोबर.

पण शेवटची ओळ पुन्हा त्याच खोडीवर येते: ‘सी हे अक्षर इंग्रजीतल्या कोणत्याही संख्येत येत नाही.’ अमेरिकी गणनेत एकावर सत्तावीस शून्ये म्हणजे ‘ऑक्टिलियन’, त्यात सी आहे. एकावर तेहतीस शून्ये म्हणजे ‘डेसिलियन’, त्यातही आहे. आणि तिथवर जायचीही गरज नाही. ‘क्रोर’ हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशात इंग्रजी संख्याशब्द म्हणून नोंदलेला आहे, एकावर सात शून्ये, आणि त्याचे पहिलेच अक्षर सी आहे.